देखावा कोणाचा? जमीन कोणाची?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अलिबाग तालुक्यातील एका बंगल्यावर जाण्याचा प्रसंग आला. बंगल्याचे मालक माझे जुने विद्यार्थी. आता मुंबईत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि शनिवार-रविवार इकडे काढतात. त्यांच्या दिवाणखान्यात सतराव्या शतकातील युरोपीय निसर्गचित्रांच्या छापांची एक रांगच लावलेली होती. त्यांतील एक चित्र माझ्या परिचयाचे निघाले. क्लोद लोरँ या चित्रकाराने १६३६ साली ताम्रपटावर कोरलेला तो 'गुराखी'. उथळ प्रवाहातून चाललेली गुरे, झाडाखाली विसावलेला गुराखी आणि सर्वांवर पसरलेला सौम्य प्रकाश. यजमान म्हणाले, "सर, आधी या खिडकीतून बाहेर पाहा आणि मग त्या चित्राकडे पाहा. काही फरक वाटतो का?" खिडकीबाहेर खाचरे होती, पलीकडे खाडी होती. खाचरांत भाताऐवजी गवत माजले होते आणि त्यात चार म्हशी चरत होत्या. फरक वाटत नव्हता, हे मला कबूल केले पाहिजे. नेमकी तीच गोष्ट तेव्हापासून मला अस्वस्थ करीत आहे.

पक्षाच्या साप्ताहिकात तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपीय छापचित्रांची चर्चा कशासाठी, असे काही साथी विचारतील. पेण-उरणचा शेतकरी जमीन वाचविण्यासाठी धडपडत असताना प्राध्यापकमजकूर भिंतीवरच्या चित्रांत रमले आहेत, असाही आक्षेप येईल. माझे म्हणणे एवढेच आहे की, जमीन हातून जाण्यापूर्वी ती नजरेतून जाते. एखाद्या प्रदेशाकडे केवळ देखावा म्हणून पाहण्याची सवय समाजातील वजनदार वर्गाला लागली की त्या देखाव्यातला कसणारा माणूस आधी अदृश्य होतो आणि पुढे अनावश्यक ठरतो. ही सवय निसर्गतः जडलेली नाही. तिला इतिहास आहे, तिला बाजारपेठ आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा कारखाना म्हणजे बरोक कालखंडातील ही ताम्रपटचित्रे होत.

एचिंगची कृती थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात अर्थशास्त्र आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ लेप द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचे आणि पत्रा अम्लात बुडवायचा. सुईने लेप खरवडला असेल तेथे अम्ल तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून दाबयंत्राखाली कागदावर छाप घ्यायचा. लेपाखाली झाकलेला भाग कागदावर कोराच राहतो. एका पत्र्यातून असे अनेक छाप निघतात. तैलचित्र सरदाराने किंवा धर्मपीठाने विकत घ्यावे. छाप मात्र व्यापारी, वकील, कारकूनही घेऊ शके. निसर्गदृश्य ही वस्तू शहरी मध्यमवर्गाच्या भिंतीवर पोचली ती प्रामुख्याने या छापांच्या द्वारे. १६११-१२ च्या सुमारास क्लास यान्स फिसर या डच चित्रकार-प्रकाशकाने हार्लेम शहराच्या आसपासच्या 'रम्य स्थळां'ची छापचित्रमाला काढली. ज्या रसिकांना दूरवर हिंडायला सवड नाही त्यांच्यासाठी ती आहे, अशा आशयाचे निवेदन तिच्यात होते. खेडे हे शहरवासीयाच्या विश्रांतीचे स्थान आहे, ही कल्पना येथे बाजारात आली.

त्याच सुमारास त्याच हॉलंडात आणखी एक व्यवहार चालू होता. अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी भांडवल गोळा केले, बेम्स्टर नावाच्या जलाशयाभोवती बांध घातला, चाळीसहून अधिक पवनचक्क्या लावून पाणी उपसले आणि १६१२ साली सुमारे सात हजार हेक्टर जमीन मोकळी केली. ती भागीदारांत वाटली गेली. कुळे बसविली गेली आणि पाहतापाहता तेथे अ‍ॅम्स्टरडॅमच्या धनिकांच्या हवेल्या व बागा उभ्या राहिल्या. मांडव्याच्या धक्क्यावर उतरून शनिवारच्या गाड्यांची रांग पाहणाऱ्या माणसाला ही कहाणी परकी वाटणार नाही. व्यापारी भांडवल नफ्याचा काही भाग जमिनीत घालते, जमिनीवर हवेली बांधते आणि हवेलीच्या भिंतीवर जमिनीचे चित्र टांगते. या तिन्ही क्रिया मिळून एकच व्यवहार होतो.

आता लोरँच्या गुराख्याकडे वळू. हा चित्रकार फ्रान्सच्या पूर्वेकडील लोरेन प्रांतातला. हयात गेली ती रोममध्ये. गिऱ्हाइके कोण, तर कार्डिनल, सरदार आणि प्रत्यक्ष पोप आठवा अर्बन. त्याच्या चित्रांत गुराखी आहेत, पाण्याकाठी नाचणारे गावकरी आहेत, शेळ्यामेंढ्या आहेत. नांगर मात्र क्वचितच आढळतो, आणि खंड वसूल करणारा कारभारी तर शोधून सापडत नाही. ज्या भूप्रदेशावरून ही चित्रे सुचली तो रोमभोवतीचा माळ प्रत्यक्षात कसा होता? तो मूठभर सरदार घराण्यांच्या आणि धर्मसंस्थांच्या विस्तीर्ण मालकीचा, हिवतापाने ग्रासलेला व विरळ वस्तीचा प्रदेश होता. हंगामात बाहेरगावचे मजूर येत, राबत, आजारी पडत आणि जात. तेथली शांतता ही स्वर्गीय शांतता नव्हती. ती मोठ्या जमीनदारीने निर्माण केलेली ओसाडी होती. चित्रकाराने ओसाडीवर सोनेरी प्रकाश टाकला आणि मालकाने तो पैसे देऊन घेतला.

याहून बोलकी गोष्ट म्हणजे त्याच लोरेन प्रांतात त्याच वेळी दुसरा एक कलावंत याच माध्यमात काम करीत होता. त्याचे नाव जाक कालो. १६१८ ते १६४८ पर्यंत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धाने मध्य युरोपातील खेडी उद्ध्वस्त केली. १६३३ साली फ्रान्सच्या सैन्याने लोरेनची राजधानी नान्सी घेतली. त्याच साली कालोने 'युद्धाच्या महान आपत्ती' ही अठरा छापांची मालिका प्रसिद्ध केली. तीत सैनिक शेतकऱ्याचे घर लुटताना दिसतात, एका झाडाला कित्येक माणसे फासावर लटकलेली दिसतात आणि अखेरीस संतापलेले शेतकरी सैनिकांवर तुटून पडलेले दिसतात. लोरँचे झाड आणि कालोचे झाड शेजारीशेजारी ठेवून पाहावे. एकाच्या सावलीत गुराखी विसावला आहे, दुसऱ्याच्या फांद्यांना प्रेते टांगली आहेत. काळ एक, मायभूमी एक, ताम्रपट आणि अम्लही एकच. तेव्हा 'त्या काळी खेडे असेच होते' किंवा 'त्या तंत्रात एवढेच शक्य होते' ही सबब टिकत नाही. काय झाकायचे आणि काय खरवडायचे, हा निर्णय होता. भिंतीवर मात्र शतकानुशतके लोरँच मिरवला, हाही निर्णयच होता. तो निर्णय गिऱ्हाइकाचा.

अठराव्या शतकात ही दृष्टी इंग्लंडात पोचली आणि तिचे शास्त्र झाले. विल्यम गिल्पिन या पाद्रीसाहेबांनी चित्रमय निसर्ग कसा पाहावा याचे धडे दिले. त्यांचे एक प्रतिपादन आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. नीतीच्या दृष्टीने कष्टाळू कामकरी अधिक सुखावह वाटत असला तरी चित्राच्या दृष्टीने निष्क्रिय, रेंगाळणारा शेतकरीच अधिक शोभतो, असे ते सांगून गेले. नेमक्या याच काळात इंग्लंडची पार्लमेंट कायद्यामागून कायदे करून गावांची सामाईक कुरणे कुंपणात घालीत होती आणि लहान शेतकऱ्याला गिरणीच्या दारात नेऊन उभे करीत होती. चित्रात तो झाडाखाली निवांत बसला होता. प्रत्यक्षात त्याचे झाड, त्याचे कुरण आणि त्याची सरपणाची वाट बंद झाली होती. रेमंड विल्यम्स यांनी १९७३ साली लिहिलेल्या 'खेडे आणि शहर' या विषयावरील ग्रंथात इंग्रजी काव्यातून श्रमिक कसा नाहीसा केला गेला याचे विवेचन केले आहे. आपल्या अभ्यासमंडळांत ते अवश्य वाचले जावे.

तेथून ही नजर जहाजाने मुंबई बंदरात उतरली. कंपनीच्या मुंबई सैन्यातील एक अधिकारी रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले यांनी १८२६ ते १८३० या वर्षांत पश्चिम हिंदुस्थानातील निसर्ग, वेषभूषा आणि वास्तू यांचा रंगीत छापांचा संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध केला. ही अ‍ॅक्वाटिंटची चित्रे, म्हणजे एचिंगचीच एक शाखा. आपल्या खोपोलीच्या माथ्यावरील बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेचे दृश्यही त्यात आहे. हेच ग्रिंडलेसाहेब १८२८ पासून लंडनमध्ये हिंदुस्थानातील गोऱ्या लोकांच्या पैशांची व्यवस्था पाहणारी पेढी चालवू लागले. पुढे ग्रिंडलेज बँक म्हणून नावारूपाला आली ती हीच. निसर्गचित्रांचा संग्राहक आणि बँकेचा संस्थापक एकच असावा हा मला योगायोग वाटत नाही. परंतु योगायोग मानला तरी तो शिकण्यासारखा आहे.

कारण त्याच वर्षांत घाटावर काय चालले होते ते पाहा. प्रिंगल नावाचा कंपनीचा मुलकी अधिकारी पुणे भागातील जमिनींची पाहणी करीत होता. रिकार्डोचा खंडसिद्धांत हाताशी धरून त्याने शेताच्या निव्वळ उत्पन्नाचा पंचावन्न टक्के हिस्सा सरकारचा असे ठरविले. मोजणी चुकीची, दर भारी. १८३० नंतर ते लागू झाले आणि इंदापूरकडचे शेतकरी शेते टाकून निघून गेले. अखेर १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांना नवी पाहणी करावी लागली. लंडनच्या दिवाणखान्यात दख्खनचे रम्य छाप पाहिले जात असताना दख्खनमध्ये शेते पड पडत होती. आमचा कुलाबा तेव्हा आंग्र्यांकडे होता. तो १८४० मध्ये खालसा झाला आणि आमच्या कुळाला खोतावर भर म्हणून कंपनी सरकारचीही ओळख झाली.

खोतीचा इतिहास या पानावर नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु एक प्रसंग या दृष्टीने कधी पाहिला गेला नाही, म्हणून सांगतो. ऑक्टोबर १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरविले की, खोताची जमीन कसायची नाही. आसपासची सुमारे पंचवीस गावे त्यात उतरली. हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे चालला. जगाच्या इतिहासात शेतकऱ्यांचा इतका प्रदीर्घ संप क्वचितच झाला असेल. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. पुढे १९३९ चा कूळकायदा, १९४८ चा कूळवहिवाट कायदा, १९४९ चा खोतीनिर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला. या साऱ्यांच्या मुळाशी चरीच्या बायाबापड्यांनी काढलेली ती सहा वर्षे आहेत.

आता कल्पना करा की, त्या सहा वर्षांत गिल्पिनचा एखादा चेला पोयनाडच्या रस्त्याने गेला असता. त्याला काय दिसले असते? खाचरांत नांगर नाही, हिरवेगार गवत माजलेले, त्यात गुरे मोकळी चरत आहेत, बांधावर माणसे हात जोडून बसली आहेत. केवढे हे चित्रमय दृश्य! त्याने तेथेच आपली वही काढली असती. ती माणसे विसावलेली नव्हती, ती संपावर होती. घरात भाताचा दाणा नव्हता. गवत वाढले होते ते खोताच्या उत्पन्नावर वाढले होते. चित्रकाराच्या वहीत यातले काहीही उमटले नसते, कारण पोट रिकामे आहे की भरलेले, हे दुरून दिसत नाही. निष्क्रिय शेतकरी चित्रात शोभतो, असे जे शास्त्र सांगते, त्याला संपकरी आणि सुखी यांतला फरक ओळखता येत नाही. हा दोष चित्रकाराच्या हाताचा नाही. तो पाहणारा कोठे उभा आहे त्याचा आहे.

यावर कोणी म्हणेल की, हा सारा परक्यांचा उद्योग झाला. आपल्या परंपरेत असे नाही. यात अर्धे सत्य आहे. आपले गोकुळही दूधलोण्याने ओसंडते, तेथेही गुराखी आहे आणि कदंबाची सावली आहे. परंतु आपल्या तमाशातली गवळण आठवा. गौळणी डोईवर माठ घेऊन कोठे निघाल्या आहेत? मथुरेच्या बाजाराला. वाट कोण अडवतो आणि काय मागतो? कृष्ण अडवतो आणि दान मागतो, म्हणजे जकात. पेंद्या थट्टा करतो, मावशी घासाघीस करते आणि प्रेक्षक हसतो, कारण नाक्यावर काय घडते हे तो जाणतो. आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या लोककलेने बाजार आणि जकातनाका चित्राबाहेर टाकला नाही. लोरँने तो टाकला.

उरलेले अर्धे सत्य आपल्याला बोचणारे आहे आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठी मध्यमवर्गाच्या मनातले हिरवे, सात्त्विक, गरीब पण सुखी कोकण आले कोठून? ते बव्हंशी खोताच्या ओसरीवरून पाहिलेले कोकण आहे. आपणा सर्वांना प्राणप्रिय असलेली 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तेच चरीच्या संपाचे साल. पालगडचे त्यांचे घराणे खोतांचे होते. गुरुजींनी स्वतःचे आयुष्य खानदेशातील शेतकरी-कामगारांसाठी आणि पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे यासाठी झिजविले, म्हणून त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिळभर कमी होत नाही. परंतु त्यांचे वाचक असलेल्या आम्ही काय केले? आईची माया घेतली, समुद्र आणि आंबराई घेतली, आणि घर ज्या व्यवस्थेवर उभे होते ती व्यवस्था लक्षात घ्यायची विसरलो. त्याच विसरभोळ्या प्रेमातून आज अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर भूखंड घेतले जात आहेत. घेणाऱ्यांत आपलेही सहानुभूतीदार आहेत.

पुन्हा त्या खिडकीकडे येतो. तेथे गवत का माजले होते, याची चौकशी मी केली. उत्तर आमच्या किनाऱ्यावर घरोघर ठाऊक आहे. ही खारजमीन. समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालून, उघाड्या बसवून पिढ्यान् पिढ्यांनी ती पिकाऊ केली. आमचे हे पूर्वज डचांहून कमी नव्हते. फक्त त्यांच्याजवळ अ‍ॅम्स्टरडॅमचे भांडवल नव्हते, स्वतःचे खांदे होते. बांधाची राखण 'जोळ' पद्धतीने होई. बांधाला खांड पडली की घरटी माणूस चिखल वाहायला जाई. १९४८ चा खारजमिनींचा कायदा आणि १९७९ चा खारभूमी विकास कायदा यांनी ही जबाबदारी शासनाकडे नेली. तत्त्वतः ते योग्यच होते. परंतु जोळ मोडली आणि शासन बांधावर पोचले नाही. बांध फुटतो, खारे पाणी शेतात शिरते, भात जळते. दुरुस्तीचा प्रस्ताव एका कचेरीतून दुसरीत जाईपर्यंत दोन-चार हंगाम बुडतात. शेतात तिवरे उगवतात. तिवरांना कायद्याचे संरक्षण आहे आणि ते असावेही. परंतु मग ते शेत पुन्हा शेत होणे दुरापास्त. तोवर मुलगा कामाच्या शोधात पनवेलला गेलेला असतो. मग दलाल येतो. तो भाव सांगतो तो नापीक जमिनीचा आणि पुढे विकतो तो समुद्राच्या देखाव्याचा. या दोन भावांतील फरक हेच आधुनिक खोताचे उत्पन्न होय.

सातबाराच्या उताऱ्यावर सातचा नमुना मालक सांगतो आणि बाराचा नमुना पीक सांगतो. त्या बंगल्याभोवतीच्या जमिनीला बाराच्या नमुन्यात काय लिहिले असेल, ते मी पाहिले नाही. परंतु खिडकीतून जे दिसत होते त्याला आमच्या महसुली भाषेत एकच शब्द आहे. चित्रकार ज्याला निसर्ग म्हणतो त्याला तलाठी 'पड' म्हणतो. माझे विद्यार्थी सज्जन आहेत. त्यांनी कोणाची जमीन हिसकावलेली नाही, रीतसर खरेदीखत केले आहे. मूळ मालक त्यांच्याच बंगल्याची राखण करतो आणि ते त्याला वेळेवर पगार देतात. म्हणूनच प्रश्न त्यांच्या सज्जनपणाचा नाही. सज्जन माणसालाही या व्यवहारात काही खुपले नाही, कारण त्याच्या डोळ्यांना चित्राने आधीच शिकवून ठेवले होते की, सुंदर खेडे असेच रिकामे असते.

शेतकरी स्वखुशीने विकतो, तुम्ही त्याला अडविणारे कोण, असा प्रश्न हमखास येतो. ज्याचा बांध फुटला आहे, ज्याला उन्हाळ्यात पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागते, ज्याच्या वाट्याला भावाभावांत वाटून काही गुंठे आले आहेत, त्याच्या खुशीला अर्थशास्त्रात खुशी म्हणत नाहीत. जेव्हा त्याला खरोखर विचारले गेले तेव्हा त्याने काय उत्तर दिले हे नोंदलेले आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, याबद्दल २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांतील शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. शेतकरी रांगा लावून आले. तो प्रकल्प उभा राहू शकला नाही. त्याआधी १९७० पासून नवी मुंबईसाठी गावेच्या गावे संपादनाखाली आली होती. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. मी तेव्हा तरुण होतो. त्या दिवसांत उरणच्या रस्त्यावर जे पाहिले ते कोणत्याही निसर्गचित्रात बसणारे नव्हते.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप आपल्यातूनच येईल आणि त्याचाही विचार केला पाहिजे. काही पर्यावरणवादी मित्र म्हणतात, हिरवे कोकण वाचवा. मी विचारतो, कोणासाठी? शेतकऱ्याने गुडघाभर चिखलात उभे राहून आवणे लावीत राहावे, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला हिरवा रंग दिसेल, असा या मागणीचा अर्थ असेल तर तीही त्याच चित्राची प्रत होय, फक्त चौकट खादीची. आमच्या मुलाने यंत्रावर काम करू नये, बंदरात नोकरी धरू नये, असे समाजवादाने कधी म्हटलेले नाही. त्याच्या जमिनीचा, पाण्याचा आणि श्रमाचा निर्णय त्याच्यावाचून होऊ नये, एवढेच समाजवादाचे म्हणणे आहे.

आणि चित्रांचे काय करायचे? ती जाळा, असे सांगायला मी बसलेलो नाही. लोरँचा प्रकाश खरा आहे. तो पाहून मलाही आनंद होतो. परंतु त्याच काळातील रेम्ब्रांटचे 'तीन वृक्ष' हे १६४३ चे एचिंगही पाहावे. वादळी आभाळाखाली तीन झाडे. नीट निरखले तर खाली मासे धरणारा माणूस सापडतो आणि टेकडीवर चित्र काढीत बसलेला एक चित्रकारही सापडतो. पाहणारा कोण आणि कोठे बसून पाहतो आहे, हे रेम्ब्रांटने चित्रातच सांगून टाकले. एवढा प्रामाणिकपणा मला पुरे आहे. आमच्या आराखडेकारांनीही तो दाखवावा.

कारण आज सर्वांत धोकादायक निसर्गचित्रे भिंतीवर नाहीत. ती आराखड्यांत आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पेण आणि पनवेल तालुक्यांतील १२४ गावांचे मिळून नवे नगर वसविण्यासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली. कर्नाळा-साई-चिरनेर असे त्या नगराचे नाव आहे. चिरनेर! २५ सप्टेंबर १९३० रोजी ज्या गावच्या जंगल सत्याग्रहात आठ जण गोळीबारात हुतात्मे झाले, तेच हे चिरनेर. अशा नगरांच्या जाहिरातीतील चित्रे पाहा. उंच इमारती, कडेला हिरवळ, दूर डोंगर, पाण्याचा पट्टा आणि फिरायला निघालेली चार माणसे. खाचर नाही, उघाडी नाही, मीठ नाही, होडी नाही, ठाकूर-कातकऱ्यांची वाडी नाही. कोरा भाग कोरा नाही. त्यावर लेप आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत, असे सुचवितो. पहिले, या १२४ गावांपैकी आपला संपर्क असलेल्या प्रत्येक गावाचा स्वतःचा नकाशा गावकऱ्यांकडूनच काढून घ्यावा. त्यात कोण काय कसतो, बांध कोठे फुटला आहे, गुरचरण किती उरले आहे, मासेमारीची जागा कोणती, वाडीची वाट कोणती, हे सारे असावे. आणि प्रत्येक हरकतीला तो जोडावा. दुसरे, खारबंदिस्ती हे सार्वजनिक काम मानून बांध फुटल्यापासून ठरावीक मुदतीत दुरुस्ती आणि तोपर्यंतच्या हंगामाची भरपाई शेतकऱ्याला मिळाली पाहिजे, या मागणीवर पेण-अलिबागच्या गावांना एकत्र आणावे. मोडलेली जोळ संघटनेच्या रूपाने पुन्हा उभी राहू शकते. तिसरे, कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास जी बंदी आहे, तिच्या अंमलबजावणीचा हिशेब तालुक्यातालुक्यात मागावा. शेत घेऊन ते पड ठेवणाऱ्याला शेतकरी म्हणावे काय, हा प्रश्न विधानसभेच्या पटलावर गेला पाहिजे.

निघताना माझे यजमान म्हणाले, "सर, तुम्हाला चित्र आवडलेले दिसत नाही." मी म्हणालो, "चित्र उत्तम आहे. त्यातली गुरे कोणाची आहेत, एवढे सांग." ते हसले. दारापाशी उभा असलेला राखणदार मात्र हसला नाही. खाचरातल्या त्या चार म्हशी त्याच्या होत्या.